मँचेस्टर युनायटेडच्या भिंतीवरची पाच माणसं

वेंगुर्ल्याच्या एका मंडळातल्या मुलांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या फुटबॉल संघाला गावात एक खोली मिळाली. सगळी पोरं मँचेस्टर युनायटेडची चाहती. आतल्या मोठ्या भिंतीवर या क्लबच्या इतिहासातल्या पाच सर्वांत महत्त्वाच्या माणसांची चित्रं आणि खाली नावं रंगवायची ठरली आहेत. त्यांनी केलेली यादी अशी: जॉर्ज बेस्ट, एरिक कँटोना, डेव्हिड बेकहॅम, वेन रूनी, ख्रिस्तियानो रोनाल्डो. ‘सर, यादी बरोबर आहे ना? तुम्ही कोणाला घेतलं असतं?’

मुलांनो, मी यातल्या एकालाही घेतलं नसतं. माझी पाच माणसं म्हणजे जेम्स गिब्सन, वॉल्टर क्रिकमर, मॅट बस्बी, जिमी मर्फी आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. सहावी जागा निघाली तर बॉबी चार्लटन. पाचांतही पहिलं चित्र कोणाचं काढायचं म्हणाल, तर जिमी मर्फीचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यातली दोन-तीन नावं ऐकलीही नसतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाव कोणतंही असो, मी एकच विचारतो: हा माणूस नसता तर क्लब टिकला असता का? आणि टिकला असता तरी आज आहे तसा झाला असता का? बेस्ट नसता तर जग एका मोठ्या आनंदाला मुकलं असतं. पण क्लब असता. गिब्सन नसते तर १९३१ च्या नाताळातच कुलूप लागलं असतं.

सावंतवाडीपासून गुहागरपर्यंत सुब्रोतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेसाठी शाळांचे संघ बांधत, गावागावांतल्या स्पर्धांत शिट्टी वाजवत माझी बरीच वर्षं गेली. भात कापून झालं की मळ्यात बांबूचे गोलपोस्ट उभे करणारे संघ पाहिले, पुळणीवर ओहोटीची वेळ बघून खेळणारे पाहिले. त्यांतले किती तरी आज नाहीत. पण सामने हरला म्हणून बंद पडलेला एकही संघ मला आठवत नाही. सगळी धावपळ करणाऱ्याला मुंबईत नोकरी लागली, मळा विकला गेला, पावतीपुस्तक घेऊन फिरणारा थकला, की संघ संपतो. म्हणून कुठल्याही क्लबचा इतिहास वाचताना मी आधी बघतो, बंद पडायची वेळ आली तेव्हा कोण उभं राहिलं. युनायटेडवर ती वेळ तीनदा आली.

पहिल्या वेळेबद्दल थोडक्यात. १८७८ मध्ये मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातल्या रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी हा संघ काढला. नाव न्यूटन हीथ, रंग हिरवा-सोनेरी. त्यांचं नॉर्थ रोडचं मैदान उन्हाळ्यात खडकासारखं आणि पावसात नुसता चिखल. आपल्या सड्यावर आणि मळ्यात खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कपडे बदलायला जवळच्या दारूच्या गुत्त्यात जायचं आणि तिथून चालत मैदानावर यायचं. १९०२ च्या जानेवारीत २,६७० पौंडांच्या कर्जापायी कोर्टाने क्लब गुंडाळायचा हुकूम काढला. कप्तान हॅरी स्टॅफर्डने पैसे उभे करायला जत्रेसारखा बाजार भरवला होता, त्यात त्याचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा गळ्यात डबा बांधून वर्गणी गोळा करत फिरत होता. कुत्रा हरवला, तो जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या बिअरच्या कारखानदाराच्या हाती लागला, त्याच्या मुलीला तो आवडला आणि त्यातून स्टॅफर्ड-डेव्हिस ओळख झाली, असं सांगतात. डेव्हिस आणि बाकीच्यांनी पैसे घातले, क्लबचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं आणि जर्सी लाल झाली. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान उभं राहिलं तेही डेव्हिसच्याच पैशांतून. तिथला पहिला सामना १९ फेब्रुवारी १९१० रोजी लिव्हरपूलविरुद्ध झाला आणि युनायटेड ३-४ ने हरलं.

त्याच काळातली दोन नावं गाळून पुढे जाववत नाही. विंगर बिली मेरेडिथ आणि कप्तान चार्ली रॉबर्ट्स. तेव्हा लीगमध्ये खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायला बंदी होती, आणि पाय मोडला तर पुढे काय याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या एका हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली, त्यात हे दोघे पुढे होते. १९०९ मध्ये इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) संघटना सोडा नाहीतर बंदी घालू, असं धमकावलं. बाकीच्या क्लबांचे खेळाडू माघार घेत होते, युनायटेडचे हटले नाहीत. मैदान बंद होतं तर त्यांनी वेगळा सराव सुरू केला आणि ‘आउटकास्ट्स’ अशी पाटी हातात धरून फोटो काढून घेतला. बहिष्कृत म्हणता ना, मग बहिष्कृतच. आज खेळाडूंना कोट्यवधी मिळतात त्याची पहिली वीट या माणसांनी ठेवली. तरीही ते माझ्या पाचांत नाहीत, कारण त्यांचं ऋण एका क्लबवर नाही, अख्ख्या खेळावर आहे.

आता गिब्सन आणि क्रिकमर.

डेव्हिस १९२७ मध्ये गेले आणि क्लब पोरका झाला. १९३०-३१ च्या हंगामात युनायटेडने लीगचे पहिले बाराच्या बारा सामने गमावले, हंगामभरात ११५ गोल खाल्ले आणि ते दुसऱ्या श्रेणीत गेले. लोक मैदानावर यायचे बंद झाले. १९३१ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर सेक्रेटरी वॉल्टर क्रिकमर खेळाडूंच्या पगाराचे पैसे आणायला बँकेत गेले, तर बँकेने हात वर केले. एका क्रीडा पत्रकाराने त्यांची गाठ जेम्स गिब्सन यांच्याशी घालून दिली. गिब्सन लष्करी आणि कामगारांच्या गणवेशांचे कारखानदार. त्यांनी ताबडतोब २,००० पौंड क्लबच्या हवाली केले, अडलेले पगार भागवले आणि नाताळच्या टर्कीचीही सोय केली असं सांगतात. पुढच्याच महिन्यात ते अध्यक्ष झाले.

इथवर ही दानशूर शेटजींची गोष्ट वाटेल. तसे शेट आपल्याकडेही असतात. गणपतीत येतात, ट्रॉफी पुरस्कृत करतात, स्टेजवर शाल घेतात आणि पुढच्या वर्षी दिसत नाहीत. गिब्सन १९५१ मध्ये वारले तोवर, म्हणजे जवळपास वीस वर्षं अध्यक्ष होते, आणि त्या काळात त्यांनी क्लबला बरे दिवस फारसे पाहिले नाहीत. १९३४ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत घसरण्याची वेळ आली होती. शेवटच्या दिवशी मिलवॉलच्या मैदानावर जाऊन जिंकणं भाग होतं. युनायटेड २-० ने जिंकलं, एका गुणाने वाचलं आणि मिलवॉल खाली गेलं. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डची प्रेक्षकांची मुख्य गॅलरी उद्ध्वस्त झाली. १९४९ पर्यंत घरचे सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. गिब्सन या सगळ्यात टिकून राहिले. मैदान पुन्हा बांधायला नुकसानभरपाई मिळावी म्हणून ते सरकारदरबारी खेटे घालत राहिले.

आणि क्रिकमर! या माणसाबद्दल कोणी बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९२६ मध्ये ते सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत त्याच कामावर राहिले. मॅनेजर ठेवायला पैसे नव्हते तेव्हा १९३१-३२ मध्ये संघही त्यांनीच चालवला, आणि १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत पुन्हा तेच. वेतनाचा हिशेब, सामन्यांचं वेळापत्रक, खेळाडूंची नोंदणी आणि संघनिवड, सगळं एकाच टेबलावर. तुमच्या मंडळात हे काम कोण करतो ते आठवा आणि त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

त्यांचं खरं मोठं काम मात्र पुढेच आहे. बाहेरून खेळाडू विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून गिब्सन, क्रिकमर आणि मुख्य स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हुडकणारा, लुई रोका यांनी १९३८ मध्ये मँचेस्टर युनायटेड ज्युनियर अ‍ॅथलेटिक क्लब काढला. आपल्या शहरातली पोरं आपण घडवायची, एवढाच हिशेब. आज आपण अकादमी म्हणतो ती हीच. ३० ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत क्लबने स्वतः घडवलेला एक तरी खेळाडू आहे. २०१९ च्या डिसेंबरात अशा सलग सामन्यांचा आकडा ४,००० झाला. बेकहॅमचं नाव तुमच्या यादीत आहे. बेकहॅम ज्या वाटेने आला ती वाट या तिघांनी पाडली. १९४८ चा एफए कप, म्हणजे फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा, युनायटेडने ब्लॅकपूलला ४-२ असं हरवून जिंकला तेव्हाचा कप्तान जॉनी केरी आणि गोल करणारे जॅक राउली व स्टॅन पिअर्सन, हे तिघेही मॅनेजर मॅट बस्बी येण्याआधीच, याच फाटक्या दिवसांत क्लबमध्ये आलेले होते.

बस्बींबद्दल तुम्ही ऐकलेलं असणारच, म्हणून त्यांच्यावर फार रेंगाळत नाही. स्कॉटलंडच्या खाणकामगारांच्या वस्तीतला मुलगा, खेळला मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूलकडून. १९४५ मध्ये रोकाने पत्र लिहून बोलावलं तेव्हा तीन वर्षांचा करार पुढ्यात होता. बस्बींनी पाच वर्षं मागितली. शिवाय संघ मी निवडणार, सराव मी घेणार, कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं ते मी ठरवणार, अशी अट घातली. तेव्हा हे सगळं संचालक मंडळ ठरवायचं. छत्तिशीतल्या, मॅनेजरकीचा अनुभव नसलेल्या माणसाने असं मागणं आणि गिब्सननी ते मान्य करणं, दोन्ही धाडसाचंच. १९५२, १९५६ आणि १९५७ ला लीग जिंकली. १९५६ च्या संघाचं सरासरी वय जेमतेम २२. इंग्लिश लीगचा विरोध पत्करून त्यांनी १९५६ मध्ये संघ युरोपियन कपमध्ये, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, उतरवला. आदल्या वर्षी चेल्सीने याच विरोधापुढे मान तुकवली होती. अँडरलेख्टला आधी त्यांच्या मैदानावर २-० आणि मग मँचेस्टरमध्ये १०-० ने हरवून इंग्लिश क्लबांचा युरोपियन कपमधला हा प्रवास सुरू झाला.

त्याच प्रवासात ६ फेब्रुवारी १९५८ आला. बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३ बरोबरी करून, उपान्त्य फेरी गाठून संघ परतत होता. इंधनासाठी विमान म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर पाणीमिश्रित बर्फाचा चिखल. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं, तिसऱ्यांदा विमान धावपट्टी ओलांडून घरावर आदळलं. ४४ पैकी २३ जण गेले. त्यांत आठ खेळाडू: रॉजर बर्न, मार्क जोन्स, एडी कोलमन, टॉमी टेलर, लियम व्हेलन, डेव्हिड पेग, जेफ बेंट आणि पंधरा दिवस झुंज देऊन गेलेला २१ वर्षांचा डंकन एडवर्ड्स. ट्रेनर टॉम करी गेले, कोच बर्ट व्हॅली गेले. आणि आमचे वॉल्टर क्रिकमर गेले. बस्बी प्राणवायूच्या तंबूत होते, धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी अंत्यविधीच्या प्रार्थनाही म्हटल्या होत्या.

तुमच्या संघापुढे असं काही घडलं असं क्षणभर धरा. खेळाडू गेले, कोच गेला, सेक्रेटरी गेला, मॅनेजर मरणाच्या दारात. तेरा दिवसांनी सामना आहे. कोण बघणार?

जिमी मर्फी. वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातला, १९१० चा जन्म, वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियनचा जुना हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. १९४५ मध्ये इटलीत बारी इथे सैनिकांना फुटबॉलवर पोटतिडकीने बोलताना बस्बींनी त्याला ऐकलं आणि युनायटेडमध्ये येतोस का म्हणून जागच्या जागी विचारलं. बस्बींनी क्लबसाठी मिळवलेला पहिला माणूस तो. त्याचं काम रिझर्व्ह आणि युथ संघ. एडवर्ड्स, कोलमन, चार्लटन ही पोरं त्याच्या आणि बर्ट व्हॅलीच्या हाताखालून गेली. १९५२-५३ च्या हंगामात एफए युथ कप सुरू झाला आणि पहिली पाचही वर्षं तो युनायटेडनेच घेतला. हे मोजायचं झालं तर गोलांत मोजता येत नाही. सकाळचा सराव झाल्यावर पोराला एकट्याला थांबवून तीच पास पुन्हा पुन्हा मारायला लावणाऱ्या माणसाचं काम कोणत्या तक्त्यात बसवणार?

मर्फी विमानात नव्हता कारण तो वेल्सचाही मॅनेजर होता. ५ फेब्रुवारीला कार्डिफमध्ये वेल्सचा इस्रायलशी विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. एरवी विमानात बस्बींच्या शेजारी तोच बसायचा. यावेळी तिथे व्हॅली बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आगगाडीने मँचेस्टरला आला, टॅक्सी करून ओल्ड ट्रॅफर्डला गेला आणि जिना चढत होता. बस्बींच्या सेक्रेटरी अल्मा जॉर्ज यांनी त्याला थांबवून सांगितलं. त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं आणि त्या रडायला लागल्या. मग तो आपल्या खोलीत गेला, दार लावलं आणि रडला.

दुसऱ्या दिवशी तो म्युनिकच्या रुग्णालयात होता. बस्बींनी क्षीण आवाजात त्याला झेंडा खाली येऊ देऊ नकोस असं सांगितलं. डंकन एडवर्ड्सने बिछान्यावरून विचारलं, शनिवारची वुल्व्ह्जविरुद्धची मॅच किती वाजता आहे? हे मर्फीने पुढे स्वतः सांगितलेलं आहे. त्या पोराला त्याने चौदा-पंधराव्या वर्षापासून घडवलेलं होतं.

परत आल्यावर संघ उभा करायचा होता. मँचेस्टर शहरात रोज अंत्ययात्रा चालल्या होत्या, म्हणून मर्फीने उरलेल्या पोरांना ब्लॅकपूलला समुद्रकाठच्या हॉटेलात नेलं. बुटका, अनुभवी अर्नी टेलर विकत घेतला. १९ फेब्रुवारीला शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपचा सामना. अ‍ॅस्टन व्हिलाचा स्टॅन क्रोदर त्याच हंगामात व्हिलाकडून कपमध्ये खेळलेला होता, म्हणजे नियमाने त्याला दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नव्हतं. असोसिएशनने खास परवानगी दिली आणि सामना सुरू व्हायच्या तासाभर आधी त्याच्या करारावर सही झाली. सामन्याचं छापील पत्रक आधीच छापखान्यात गेलेलं. त्यात जिथे युनायटेडच्या खेळाडूंची नावं असतात तिथे अकरा रिकाम्या जागा होत्या. फक्त पोझिशन, पुढे काही नाही. लोक पेन्सिल घेऊन आले होते आणि लाउडस्पीकरवरून नावं सांगितली तशी भरत होते.

अपघातातून वाचलेले दोघे, गोलरक्षक हॅरी ग्रेग आणि कप्तानी अंगावर आलेला बिल फोक्स, त्या रात्री खेळले. रिझर्व्हमधला बॅक शे ब्रेनन याला मर्फीने डाव्या विंगला खेळवलं. त्याने दोन गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. अ‍ॅलेक्स डॉसनने तिसरा मारला. ३-०. मर्फीच्या या संघाला उरलेल्या हंगामात लीगचा फक्त एक सामना जिंकता आला, यावरून संघात किती ताकद उरली होती ते कळेल. तरीही हा संघ एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे बोल्टनकडून ०-२ हार झाली. काठी टेकत बस्बी तो सामना बघायला आले होते. आणि त्याच उन्हाळ्यात मर्फीने वेल्सला विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत नेलं. ब्राझीलकडून १-० ने हरले, गोल १७ वर्षांच्या पेलेचा.

बस्बी परतल्यावर मर्फी मुकाट्याने पुन्हा दुय्यम जागेवर गेला. स्टँडला नाव नाही, सरदारकी नाही. १९८९ मध्ये तो वारला आणि ओल्ड ट्रॅफर्डबाहेर त्याचा पुतळा उभा राहायला २०२३ उजाडलं. १९६८ च्या मे महिन्यात वेम्बलीवर बेन्फिकाला ४-१ हरवून युनायटेडने युरोपियन कप जिंकला, त्या संघात फोक्स होता, चार्लटन होता, आणि राइट बॅक होता तोच शे ब्रेनन. बस्बींचं स्वप्न म्हणून तो विजय सांगितला जातो, ते खरंच आहे. पण त्या तेरा दिवसांत मर्फीने हात टेकले असते तर स्वप्न बघायला क्लब कुठे होता?

हॅरी ग्रेगचं नाव आलंच आहे तर गोलरक्षकांसाठी दोन वाक्यं. जळत्या विमानातून बाहेर पडल्यावर ग्रेग पुन्हा आत गेला. एका तान्ह्या मुलीला आणि मग तिच्या गरोदर आईला बाहेर काढलं, साथीदारांना ओढून काढलं. गोली कसा असावा हे शिकवताना मी मुलांना आधी शेजारच्या गोव्यातल्या साळगावकर क्लबच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल सांगतो, कारण भारताचं कप्तानपद भूषवलेला हा गोली आपल्या हाकेच्या अंतरावरचा. आणि दुसरं नाव ग्रेगचं सांगतो.

चार्लटन सहावे का, पहिल्या पाचांत का नाहीत, हा वाद मी समजू शकतो. म्युनिकमधून वाचले तेव्हा वीस वर्षांचे होते. ७५८ सामने, २४९ गोल, १९६८ च्या अंतिम सामन्यात दोन गोल. पण माझ्या लेखी त्यांचं वजन खेळणं थांबल्यानंतरही तेवढंच आहे. १९८४ पासून ते संचालक होते. फर्ग्युसनना मॅनेजर म्हणून आणावं असा आग्रह धरणाऱ्यांत आणि पहिली तीन-चार वर्षं काहीच जिंकलं नाही तेव्हा त्यांच्या पाठीशी राहणाऱ्यांत ते होते. मोठा खेळाडू पुढे मोठा कारभारी होतो असं क्वचित घडतं. भिंत मोठी असेल तर त्यांना नक्की घ्या.

बेस्ट, त्याचा साथीदार डेनिस लॉ, कँटोना, रूनी, रोनाल्डो यांच्याबद्दल मला प्रेम नाही असं कृपा करून समजू नका. बेलफास्टच्या स्काउटने बस्बींना तार केली होती की तुमच्यासाठी एक अलौकिक पोरगा सापडलाय. बेस्टचे जुने सामने बघितले की ती तार कमीच वाटते. कँटोना तर माझ्या पाचांच्या सर्वांत जवळ येतो. १९९२ च्या नोव्हेंबरात लीड्सकडून १२ लाख पौंडांत आला आणि २६ वर्षं रुसलेलं लीगचं विजेतेपद त्याच हंगामात आलं. रूनीचे २५३ गोल हा क्लबचा विक्रम आहे. रोनाल्डो मात्र, तुम्हाला आवडणार नाही तरी सांगतो, घडला युनायटेडमध्ये आणि शिखरावर गेला ते रेआल माद्रिदला.

फर्ग्युसन शेवटी, कारण त्यांच्याविषयी सगळ्यांनाच माहीत आहे. ६ नोव्हेंबर १९८६ ला आले, २०१३ च्या मे महिन्यात थांबले. १,५०० सामने, ३८ चषक, त्यात १३ लीग विजेतेपदं. पण ते आले तेव्हा आधी काय केलं ते बघा. मँचेस्टरमधली चांगली पोरं सिटीकडे जात होती म्हणून त्यांनी शहरातली स्काउटांची फळीच नव्याने उभी केली. युथ संघाचे कोच एरिक हॅरिसन १९८१ पासूनच क्लबमध्ये होते. फर्ग्युसननी त्यांना बदललं नाही, हवं ते पुरवलं आणि बदल्यात जास्त पोरं मागितली. पहिला संघ धडपडत असताना, वर्तमानपत्रं हकालपट्टीचे दिवस मोजत असताना हे चाललं होतं. १९९० च्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध कपचा सामना ज्या एका गोलने जिंकला तो मार्क रॉबिन्सही क्लबच्या युथ संघातूनच आलेला. १९९२ मध्ये गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल यांच्या संघाने युथ कप घेतला, स्कोल्सही त्यांच्याच पाठोपाठ वर आला. गिब्सन-क्रिकमरनी सुरू केलेलं आणि मर्फीने फुलवलेलं तेच काम फर्ग्युसननी पुन्हा हाती घेतलं, म्हणून माझी पाचही माणसं एकाच ओळीत बसतात.

भिंतीवर चित्राला नाही तरी नावाला जागा असेल तर कॅथ फिप्स यांचं लिहा. १९६८ मध्ये त्या ओल्ड ट्रॅफर्डला कामाला लागल्या. स्वागतकक्षात बसणाऱ्या कॅथना बस्बींपासून पुढचे सगळे मॅनेजर आणि कालचं नवं पोरगंसुद्धा ओळखायचं. चाहत्यांची पत्रं खेळाडूंपर्यंत पोहोचवणं, सह्या घेऊन परत पाठवणं हे त्या वर्षानुवर्षं करत राहिल्या. २०२४ च्या डिसेंबरात, ८५ व्या वर्षी वारल्या तेव्हाही त्या क्लबच्याच होत्या.

आणि उजव्या बाजूला चार-पाच फूट भिंत कोरी सोडा. युनायटेडने २००५ मध्ये आपला वरिष्ठ महिला संघ बंद केला होता, हा क्लबच्या इतिहासातला मला न पटणारा निर्णय. २०१८ मध्ये केसी स्टोनी यांच्या हाती नवा संघ देऊन तो दुरुस्त केला. पहिल्याच हंगामात त्या वरच्या श्रेणीत आल्या आणि १२ मे २०२४ रोजी वेम्बलीवर टॉटनहॅमला ४-० हरवून एफए कप घेऊन गेल्या. त्यांच्यातलं कोणाचं चित्र काढायचं ते तुमच्या गावातल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना ठरवू द्या.